रंग आला का?

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी टीव्हीवर गाणी बघितली. बघितली म्हणतो, पण मला दिसत नव्हतं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, उजव्यात निम्मा. समोर धुरात कोणीतरी हात हलवून राहिलंय, एवढंच कळायचं. बायको शेजारी बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. जुन्या गाण्यांचं एक चॅनल आहे. शनिवारी सून ते लावून देते आणि आत स्वयंपाकाला जाते.

"साडी कोणती हाय?" मी विचारलं.

"अंजिरी."

"मघाशी बी अंजिरीच म्हणलीस."

"मघाची बाई येगळी. हिला अंजिरी शोभत न्हाई, तरी नेसलीय. घरात सांगणारं कोणी नसंल."

आतून सून म्हणाली, "आत्या, गाणं काळं-पांढरं आहे ओ."

"तू तुझी भाकरी बघ, करपून राहिली."

सोमवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, इथं लातुरातच. या आधीही ठरलं होतं आणि मी मोडलं होतं. एकदा सर्दी झाली म्हणालो, एकदा अमावास्या म्हणालो. या खेपेला तिनं स्वतः दवाखान्यात जाऊन वार ठरवला होता.

"आता अमावास्या न्हाई, मी बघितलंय," ती म्हणाली. "आन सर्दी झाली तर नाक धरून नेते."

"मला दिसतंय तेवढं बास हाय."

"मला बास न्हाई. परवा शेजारच्या बाईला 'अगं, च्या टाक' म्हणलाव. ती बिचारी टाकायला निघाली हुती."

"मग प्यायचा ना च्या."

"डोळा झाला की माझं खोटं पकडताल. म्हणून भ्यालाव का काय?"

टीव्हीत दुसरं गाणं लागलं. ती म्हणाली, "ही हळदी." एवढंच. मग सुनेनं ताटं वाढली.

रंग सांगायची तिची सवय जुनी. ती कशी लागली ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आम्ही कंधारकडचे. मी चौथी शिकलो आणि नांदेडला जिनिंगमध्ये लागलो. कापसाच्या गाठी उचलायचं काम. लग्न झाल्यावर एका गल्लीत खोली घेतली. खोलीला लागून रंगाऱ्याचं घर. रंगारी मुसलमान, पिढ्यांपासून नांदेडचा. लुगडी रंगवायचा, गुरुद्वाऱ्याकडची माणसं पगड्या रंगवायला आणायची. त्याचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी केशरी. जेवतानासुद्धा रंग जायचा नाही. पोरं त्याला म्हणायची, चाचा, आज हाताला कोणता सण हाय?

गल्लीत पहिला टीव्ही त्यानं आणला. तेव्हा नांदेडात टॉवर झाला नव्हता. लांबच्या केंद्राचं चित्र पकडावं लागायचं. त्यासाठी माळवदावर एक उंच बांबू आणि बांबूवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा सांगाडा. वारं आलं की सांगाडा फिरायचा आणि खाली टीव्हीत मुंग्या यायच्या. मातीच्या माळवदात बांबू पक्का रोवता येत नव्हता, खाली घर गळलं असतं. म्हणून कोणीतरी वर उभं राहून तो धरावा लागायचा. मी उंच आणि अंगानं दांडगा. ते काम माझ्याकडं आलं. कोणी मला विचारलं नव्हतं आणि मीही नाही म्हणालो नव्हतो.

शनिवारी संध्याकाळी अर्धा तास सिनेमातली गाणी लागायची. सगळी गल्ली रंगाऱ्याच्या घरात. बाया पुढं, माणसं भिंतीला, पोरं उंबऱ्यावर. माझी बायको दाराजवळ. मी वर बांबू धरून.

खालून रंगाऱ्याची हाक यायची, "मियां, जरा मशिदीकडं!"

मी फिरवायचो.

"नक्को नक्को, उतना नक्को! थोडा भोंग्याकडं!" भोंगा म्हणजे गिरणीचा.

"आलं का?"

"आलं, आलं... गेलं!"

असा तो अर्धा तास जायचा. गाणी मला ऐकू यायची, दिसायची नाहीत. हात सोडायची सोय नव्हती. एकदा खाज आली म्हणून सोडला, तर खालून बायांनी असा ओरडा केला की मला वाटलं घराला आग लागली. टीव्ही चालू असताना कसा दिसतो ते मला ठाऊक नव्हतं. बंद असताना बघितला होता. त्यावर रंगाऱ्याच्या बायकोनं विणलेला रुमाल असायचा.

गाणी संपली की आम्ही घरी. ती चुलीपुढं बसायची आणि भाकरी थापता थापता मला सगळं सांगायची.

"पहिल्या गाण्यात बाई झाडाभवती फिरत हुती. साडी कशी, लिंबाच्या कवळ्या पानागत. काठ जांभळा. तो मागं मागं, करडीच्या फुलागत पिवळा सदरा घालून. बावळटच हाय."

"मग?"

"मग काय? ती पळाली. पळताना पदर उडाला, तर आतल्या अंगानं डाळिंबी हुता. दुरंगी साडी. लई म्हागाची आसणार."

मी जेवत ऐकायचो. मला गाण्याचं वेड नव्हतं, आजही नाही. पण ती सांगायची ते डोक्यात बसायचं. आठवडाभर गाठी उचलताना मला त्या साड्या आठवायच्या. मोरपंखी, विटकरी, अबोली, राणी. मी असले रंग तोवर नावानं ओळखत नव्हतो. मला लाल, हिरवा आणि मळका एवढेच रंग ठाऊक.

असं वर्षभर चाललं असेल. एक दिवस जिनिंगमध्ये दुपारच्या सुट्टीत टीव्हीचा विषय निघाला. आमचा मुकादम भोकरचा, बोलायला तिखट. तो म्हणाला, हैदराबादला त्यानं पाव्हण्याकडं टीव्ही बघितला, कलर नव्हता.

मी म्हणालो, "आमच्या रंगाऱ्याकडं कलर हाय."

"नांदेडात? गप बस."

"आईची आण. परवाच्या गाण्यात बाई मोरपंखी नेसली हुती. पदराला सोनेरी बुट्टे."

"बुट्टे बी दिसले तुला?"

"बुट्टे काय, बांगड्या दिसल्या. हिरव्या हुत्या, एक पिचलेली."

पिचलेली बांगडी मी मनानं घातली नव्हती. तीही तिनंच सांगितली होती.

त्या शनिवारी मुकादम बायकोला घेऊन आला. मागं जिनिंगचे पाच-सहाजण. रंगाऱ्याच्या बायकोला आमची ही आपा म्हणायची. आपानं सतरंजी घातली, सगळ्यांना चहा दिला. लोक का आलेत हे तिला कोणी सांगितलं नाही. मी छाती पुढं काढून शिडीनं वर गेलो आणि बांबू धरला.

गाणं सुरू झालं. खाली एकदम गप्प. मग मुकादमाचा आवाज आला.

"अरे, रंग कुठं हाय?"

मला वाटलं, सांगाडा हलला. मी वरून ओरडलो, "थांबा, फिरवतो!" आणि मशिदीकडं फिरवला.

"रंग आला का?"

"न्हाई!"

भोंग्याकडं फिरवला. "आता?"

"न्हाई!"

मी नदीकडं फिरवला, स्टेशनकडं फिरवला, काय सुचेल तिकडं फिरवला. "रंग आला का? आता आला का?" खाली कोणीतरी खुदकलं. मग दुसरं. मग सगळं घर हसायला लागलं, गाणं ऐकू येईना. मला कळेना काय झालं. मग रंगारी अंगणात येऊन वर बघून म्हणाला, "मियां, उतरो नीचे! रंग ढूंढते ढूंढते हैदराबाद पहुँच जाओगे!"

मी उतरलो. आत गेलो. तेव्हा पहिल्यांदा मी ती चालू पेटी बघितली. राखेच्या रंगाची बाई, राखेच्या रंगाचं झाड. त्यातही मुंग्या, कारण वर बांबू धरायला कोणी नव्हतं.

मुकादम म्हणाला, "काय गड्या, मोरपंखी कुठंय?"

मी तिच्याकडं बघितलं. ती दाराजवळ डोक्यावर पदर घेऊन बसलेली. तिनं मान वळवली नाही. टीव्हीकडं बघत म्हणाली, "ती काय, नेसलीय की. तुमाला दिसत न्हाई, त्याला आमी काय करावं?"

सगळे परत हसले. तेवढ्यात आपा बोलली. या दोघींचं एरवी रंगावरून कधी जमलं नव्हतं. आपा म्हणायची, मी रंगाऱ्याची बायको, मला नको शिकवू. ही म्हणायची, तुमी हौदातला रंग वळखता, अंगावरचा न्हाई. पण त्या दिवशी आपा म्हणाली, "हौ, मोरपंखीच है. मैं बी वहीच बोलने वाली थी."

मुकादमाची बायको तोंडाला पदर लावून बसली होती. ती पुढं वाकली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "मला तर किरमिजी वाटतीय."

"किरमिजी? अवो, किरमिजीवर आसला काठ येतच न्हाई," ही म्हणाली.

मग बायांचंच सुरू झालं. कोणी मोरपंखी, कोणी किरमिजी, एक म्हातारी म्हणाली गुलबाशी. माणसं एकमेकांकडं बघत बसली. गाणं कधी संपलं ते कळलं नाही. जाताना मुकादमाची बायको आपाला म्हणून गेली, पुढच्या शनिवारी येते.

जिनिंगमध्ये मला 'कलर' नाव पडलं. ए कलर, ती गाठ घे. मुकादमानं बरेच दिवस चालवलं. मी ते नाव घेऊनच रिटायर झालो.

त्या रात्री घरी मी तिला म्हणालो, "मला सगळ्यांत वेडा केलीस."

"मी कुठं म्हणलं रंगीत टीव्ही हाय? मी साड्या सांगितल्या."

"राखेचा रंग दिसतोय. तुला मोरपंखी कसं कळतंय?"

"चालण्यावरनं," ती म्हणाली. "हिरवं नेसलेली बाई येगळी चालती. लाल नेसलेली मागं वळून बघत न्हाई. पांढरं नेसलेलीचे हात बघा, त्येंला कुठं ठिवावं कळत नसतंय."

"हे खोटं हाय."

"मग ऐकू नका."

राग आला होता. भाकरी खाऊन होईपर्यंत होता. पुढच्या शनिवारी मी परत वर गेलो, कारण बांबू धरायला दुसरं कोणी तयार नव्हतं. आणि घरी आल्यावर तिनं सांगायला सुरुवात केली नाही. गप्प भाकरी थापत बसली. दुसरी भाकरी झाली तरी गप्प. शेवटी मीच विचारलं, "आज काय नेसली हुती?"

"कोण?"

"कोणी बी."

"आमसुली," ती म्हणाली आणि सुरू झाली.

मग गावात टॉवर झाला. बांबूची गरज संपली. मी खाली बसायला लागलो आणि मला दिसायला लागलं. तरी ती कानाशी सांगायची. मी म्हणायचो, बघू दे की गप. पुढं आमच्याकडं आमचा टीव्ही आला, तोही काळा-पांढराच. आपा आमच्याकडं यायला लागली, कारण त्यांचा बिघडला होता. मुलगा शिकला, त्याला लातूरला नोकरी लागली. आम्ही नांदेड सोडून त्याच्याकडं आलो. त्यानं कलर टीव्ही घेतला. पहिल्या शनिवारी ती हौसेनं पुढं बसली. पहिलंच गाणं बघून म्हणाली, "हे काय हिरवं हाय? आसं हिरवं आसतंय का कुठं?"

दुसऱ्या गाण्याला उठली. "समद्यांनाच दिसतंय, मी काय सांगू?" म्हणाली आणि वाकळ शिवायला बसली. मग तिनं गाण्याकडं बघितलं नाही. बरीच वर्षं. शनिवारी मी टीव्हीपुढं आणि ती आतल्या खोलीत सुई घेऊन, असं आमचं चालायचं. भांडण नव्हतं. बोलण्यासारखं काही नव्हतं, एवढंच.

मग माझ्या डोळ्यावर पडदा आला. आधी बसच्या पाट्या गेल्या, मग माणसांची तोंडं. एका शनिवारी मी सुनेला विचारलं, ही कोण नाचून राहिली? सुनेच्या आधी ती आतून म्हणाली, "मी सांगते." वाकळ तशीच टाकून येऊन बसली. तेव्हापासून दर शनिवारी बसत होती.

म्हणून मला ऑपरेशनची घाई नव्हती. मुलाला वाटायचं म्हातारा सुईला भितो. मी भीत नाही. गाठ उचलायचं हूक मांडीतून आरपार गेलं होतं, तेव्हा भ्यालो नाही. डोळा झाला असता तर ती उठून वाकळ शिवायला गेली असती. मला ते नको होतं. हे मी तिला बोललो नाही. ती म्हणाली असती, म्हातारपणी चळ लागला.

रविवारी सकाळी ती आंघोळ करून आली आणि बाजेवर माझ्याजवळ बसली. म्हणाली, "जरा पाठ चोळा, भरून आल्यागत वाटून राहिलं." मी चोळली. "बास," म्हणाली. आडवी झाली. मला वाटलं डोळा लागला. थोड्या वेळानं सून चहा घेऊन आली आणि तिच्या हातातला कप पडला.

डॉक्टर आला, म्हणाला हार्ट. सुनेनं सांगितलं, आत्यांचं तोंड पांढरं पडलं होतं, ओठ निळे. मी हातभर अंतरावर होतो. माझा हात तिच्या पाठीवर होता. मला तिचं तोंड दिसलं नाही. डोळे मिटलेले आहेत का उघडे, हे मला सुनेला विचारावं लागलं.

दुपारी नेलं. औशाहून तिचा भाऊ आला होता. बाया म्हणत होत्या, अहेव गेली, सोनं झालं बाईचं. त्यांना तसं म्हणायची पद्धत आहे. मला ते बोलणं आवडत नाही. जे झालं ते लाकडावर झालं, सोन्याचं काही झालं नाही. तिला हिरवी साडी नेसवली, असं म्हणाले. तोंड बघून घ्या म्हणून मला पुढं केलं. मी वाकलो. धूरच होता. लोकांनी मला धरून मागं घेतलं. रडा आप्पा, मोकळं व्हा, असं पाच-दहा जण म्हणाले. रडायचं ज्याचं त्याला कळतं.

सोमवारी सकाळी मी उठलो. आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, टोपी घातली. बाहेरच्या खोलीत पाव्हणे बसलेले. मी पायानं चाचपून चपला शोधायला लागलो.

मुलगा म्हणाला, "आप्पा, कुठं निघालात?"

"दवाखान्यात. आज सोमवार हाय."

मग तिचा भाऊ म्हणाला, "दाजी, सुतक हाय घरात."

"सुतक डोळ्याला न्हाई."

"आवो, पण काल तर... लोक काय म्हणतील?"

"ते मला तसं बी दिसायचं न्हाई."

मुलगा म्हणाला, "आप्पा, चौदावा झाल्यावर मी स्वतः नेतो. मला आज घराबाहेर जाता येत नाही. क्रिया मी धरलीय."

"तू धर. मी जातो."

"पण घाई काय आहे? इतके दिवस तर नको नको म्हणत होतात."

"इतके दिवस सांगणारं हुतं," मी म्हणालो. "आता न्हाई."

मी दार धरून पायरी उतरलो. दुसरी पायरी मोजायची चुकली, पण पडलो नाही. रिक्षावाल्याला हाक मारली. रिक्षात बसलो तर शेजारी कोणीतरी येऊन बसलं.

"सरका थोडं, मामा," सून म्हणाली.

"तुला कोणी सोडलं?"

"विचारलं नाही कोणाला."

आतून तिच्या नवऱ्यानं हाक मारली. ती रिक्षावाल्याला म्हणाली, "चला हो तुम्ही."

वाटेत सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तिनं नाक ओढलं, तेवढंच.

दवाखान्यात सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, परत बांधला. म्हणाली, "आजोबा, बीपी वर आहे. झोपला नाहीत का?"

"न्हाई."

"का बरं? भीती वाटते का?"

सुनेनं तिला सांगितलं. सिस्टर जाऊन डॉक्टरला घेऊन आली. डॉक्टर तरुण, आवाजावरून बरा वाटला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, आपण पंधरा दिवसांनी करू. डोळा कुठं पळून जात नाही."

"आजचा वार तिनं ठरवलेला हाय. तुमीच दिला हुता."

"मला आठवतंय. पण अशा वेळी..."

"डॉक्टर, ती हातभर लांब हुती आन मला तोंड दिसलं न्हाई. आता जे काय हाय ते मला माझं बघावं लागतंय. तुमी बीपीची गोळी द्या, मी बसतो. उतरलं तर करा. न्हाई उतरलं तर उद्या येतो."

तो सुनेशी बाजूला जाऊन बोलला. मग सिस्टरनं गोळी दिली, पाणी दिलं आणि भिंतीकडच्या बाकावर बसवलं. बाकावर आणखी म्हातारे होते. एकजण म्हणाला, तो निलंग्याचा, त्याचा दुसरा डोळा. दुखत नाही म्हणाला. मी बरं म्हणालो. सून चहा प्यायला गेली नाही, शेजारीच बसून राहिली.

पुष्कळ वेळानं सिस्टर आली, परत पट्टा बांधला, फुगवला.

"उतरलंय," म्हणाली. "चला आजोबा, टोपी काढा."

मी टोपी काढून सुनेच्या हातात दिली, भिंत धरली आणि आत गेलो.